उस्मान मिस्त्रीची नजमा

नजमाआपाने कुणाला माफ केल्याचं मी कधी पाहिलं नाही. मेढ्याच्या एसटी स्टँडामागे तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. समोरच्याच हॉटेलात चहा चांगला मिळायचा, तरी ती दोनशे पावलं चालून दुसरीकडे चहाला जायची. कारण विचारलं तर म्हणायची, "त्यानं अब्बांना फुटक्या कपात चहा दिलता." अब्बा जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. हॉटेलचा मालकही मधल्या काळात बदलला होता. पण नवा मालक जुन्याचा मेहुणा होता, आणि आपाला तेवढं पुरत होतं. एका कंडक्टरने कधीतरी तिची रिमची चळत बसच्या टपावरून खाली फेकली होती. तो दारात दिसला की ती बस सोडून द्यायची आणि पुढच्या बससाठी तासभर ताटकळायची.

स्वतःलाही ती सूट देत नसे. एकदा एका दूधवाल्याच्या चाकाची तार थोडी सैल राहिली, हे तिला दुकान बंद करताना आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाना घेऊन सहा किलोमीटर चालत त्याच्या वाडीवर गेली, तार आवळली आणि चहाही न घेता परत आली.

ठेंगणी बाई. पन्नाशीला आलेली. मनगटं रुंद, ओढणी डोक्यामागे घट्ट बांधलेली आणि कुडत्यावर वडिलांचा तपकिरी शर्ट. आधी ती ब्लाउज शिवायची. पाना-पक्कड हातात घ्यायची पाळी नंतर आली, ती का आली ते पुढे सांगते. पण शिलाईचा हात गेला नव्हता. ब्रेकची वायर ती अशी बसवायची की कुठे सुरकुती म्हणून दिसायची नाही.

मी तिच्याकडे गेले ते सायकल घेऊन. माझी बदली मेढ्याच्या वर, पठारावरच्या एका वाडीतल्या शाळेत झाली होती. एसटी पायथ्याशी सोडायची. तिथून चार किलोमीटर दगडगोट्यांची वाट. स्कूटी दोनदा घसरली. चालत जायचं तर रोज घामाघूम. मग कुणीतरी सुचवलं, माउंटन बाइक घ्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी साताऱ्याला जाऊन बारा हजारांची पिवळी धमक सायकल आणली. पुढे-मागे शॉकअप, एकवीस गिअर. शोरूमच्या मालकाने, देशमाने त्यांचं नाव, स्वतः हँडलला हार घालून फोटो काढला होता. पंधरा दिवसांत हँडलखालून कर्र कर्र आवाज यायला लागला.

आपाने सायकलकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बिल हाय का?"

मी होय म्हटलं. मग तिने खिशातून एक गोल लोहचुंबक काढला, जुन्या स्पीकरमधला. तो फ्रेमच्या नळीला लावला. टक्कन चिकटला. तसाच सरकवत ती हँडलच्या जोडापर्यंत आली, आणि तिथे चुंबक सुटून खाली पडला. तिने उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"लोखंड न्हाई हितं," ती म्हणाली. "चीर गेल्या. लांबी भरून वरनं रंग मारलाय." लांबी म्हणजे मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरायला वापरतात ती पुट्टी. कुणाची तरी तडकलेली सायकल परत घेऊन, भरून, रंगवून मला नवी म्हणून विकली होती.

मला आधी राग आला, मग रडू आलं. आपाने दोन्हींकडे लक्ष दिलं नाही. तिने सौदा सांगितला. ही सायकल आणि बिल तिला द्यायचं, त्या बदल्यात ती मला दुसरी बांधून देईल. वर एक पैसा नको. मला वाटलं, किती भली बाई आहे.

आठवडाभरात तिने सायकल बांधली. उंब्रजच्या भंगारवाल्याकडून आणलेली जुनी पोलादी फ्रेम, पुढचं चाक धरणारा साधा पक्का चिमटा, मागे फक्त सात गिअर. दिसायला अगदीच गरीब. मी जरा नाराजीने विचारलं, शॉकअप नाही का?

"बाई, बारा हजारात शॉकअप येत न्हाई. शॉकअपचं चित्र येतंय," ती म्हणाली.

मग तिने मला समजावलं. नव्याने सुरू करणाऱ्याने पैसा तीनच ठिकाणी घालायचा. ब्रेक, टायर आणि डोक्यावरचं हेल्मेट. बाकी सगळं जुनं चालतं, फक्त ते सरळ आणि अखंड असलं पाहिजे. टायर रुंद आणि खोल दाताचे घ्यायचे. दगडांच्या वाटेवर हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे टायरच शॉकअपचं काम करतो. रंगाला भुलायचं नाही. माझ्या सायकलला तिने रंग दिलाच नाही, नुसता प्रायमर मारला. म्हणाली, रंगाखाली काय आहे हे दिसायला नको का?

शुक्रवारी दुपारी तिचं दुकान बंद असायचं. तेव्हा ती पठारावर चालत यायची आणि शाळा सुटल्यावर मला शिकवायची. स्वतः शेजारून भराभर पावलं टाकायची आणि तोंड चालूच. उताराला बूड सीटवरून उचला, मागं घ्या. दोन्ही पायडल एका पातळीत. ब्रेकवर दोनच बोटं, आणि पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. मी एका टोकदार दगडावर दर वेळी नेमाने जाऊन आदळत होते. तिने थांबवलं आणि म्हणाली, "दगडाकडं बघताय म्हनून दगडावर जाताय. वाटंकडं बघा."

तिसऱ्या शुक्रवारी मी तो उतार पाय न टेकता उतरले. शाळेतल्या पोरी वर रांगेने उभ्या राहून बघत होत्या. आपाने नुसती मान हलवली आणि म्हणाली, मागचा ब्रेक जरा घासतोय, उद्या दुकानात आणा.

तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीला कुलूप असायचं. एकदा ती हवेचा पंप आणायला आत गेली तेव्हा मला दिसलं. भिंतीला ओळीने सायकलींचे सांगाडे टांगले होते. आठ-नऊ असतील. शेवटी माझा पिवळा. प्रत्येकाला सुतळीने प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, पिशवीत बिल. सगळ्यात पहिला सांगाडा निळा होता, हँडलच्या नळीपाशी तुटून दोन झालेला.

त्या दिवशी तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, एका चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढता काढता.

तिला एकच भाऊ, तिच्याहून खूप धाकटा. रियाज. वरच्या वाड्यांमधून पहाटे दूध गोळा करून मेढ्याला आणायचा आणि लष्करात जायची तयारी करायचा. भरतीत पळण्यात पहिल्या ओळीत आला. छाती, उंची सगळं बसलं. फक्त मेडिकल राहिलं होतं. दुधाच्या पैशातून त्याने साताऱ्याहून निळी माउंटन बाइक घेतली, दम टिकवायला. पंधरा दिवसांनी उतारावर हँडल हातात आलं आणि सायकल खालून निघून गेली. उजव्या कोपराचा चुरा झाला. हात पुन्हा सरळ झाला नाही. भरती तिथेच संपली.

वडील, उस्मान मिस्त्री, तुटकी सायकल घेऊन साताऱ्याला गेले. चाळीस वर्षं मेढ्यात सायकली जोडणारा माणूस. त्यांना तो जोड बघताच कळलं होतं. शोरूममध्ये गर्दी होती. देशमान्यांनी सांगाडा हातात घेतला, फिरवून बघितला आणि सगळ्यांसमोर हसून म्हणाले, मिस्त्री, हे वेल्डिंग तुमचंच दिसतंय. पोराची सायकल घरी तोडून-जोडून बघितलीत आणि आता आमच्या नावावर घालताय.

मिस्त्री सांगाडा उचलून परत आले. पण ती गोष्ट त्यांच्या आधी मेढ्यात पोचली. उस्मान मिस्त्रीच्या जोडाने स्वतःच्या पोराचा हात गेला, असं लोक म्हणायला लागले. गिऱ्हाईक तुटलं. मिस्त्रींनी वेल्डिंगचा नोझल पुन्हा हातात धरला नाही. दुकान उघडून नुसते बसायचे. दीड वर्षाने गेले. चाळिसाव्याचा विधी झाल्यावर नजमाने शिलाई मशीन विकलं आणि दुकानाची किल्ली घेतली.

"म्हणजे मला सायकल दिलीत ती या सांगाड्यासाठी?" मी विचारलं.

"सायकल चांगली हाय का न्हाई?"

"चांगली आहे."

"मग झालं," ती म्हणाली आणि चाक फिरवून बघितलं.

मला ते लागलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मीही त्या खोलीतली झाले. साताऱ्याहून सायकल घेतलेला कुणी भेटला की मीही विचारायला लागले, बिल आहे का?

त्या पावसाळ्यानंतर सांगलीला आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. आपाने रियाजसाठी डबा दिला. तो तिथे हळदीच्या पेठेत एका गोदामात वजनकाट्यावर होता. भुवया, केस, पापण्या, सगळं हळदीने पिवळं. हसरा माणूस. वाकड्या हातानेच त्याने मला खुर्ची ओढून दिली. दोन मुली आहेत म्हणाला, त्यांना सायकल शिकवतोय. डबा उघडून वास घेतला. मग हळूच विचारलं, आपा अजून ते सांगाडे जमवते का?

मी हो म्हटलं. त्याने डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"तिला सांगा बाई, माझं काय म्हननं न्हाई. मी सोडलं कवाच," तो म्हणाला. "लोक विचारत्यात तवा मी सांगतो, झाडावरनं पडलो."

परत आल्यावर मी ते जसंच्या तसं सांगितलं. आपाने ऐकून घेतलं. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी हवा भरायला गेले तेव्हा पंप मारता मारता म्हणाली, "त्यो हात त्याचा हाय, त्यानं सोडला. अब्बांचं नाव त्याच्या एकट्याचं न्हाई."

एका रविवारी सकाळी मी दुकानात असताना साताऱ्याचे दहा-बारा सायकलवाले आले. पठारावर निघाले होते. महागड्या सायकली, घट्ट कपडे, काळे चष्मे. त्यातल्या एकाच्या मागच्या ब्रेकची वायर तुटत आली होती. चष्मा काढल्यावर मी ओळखलं. देशमाने. त्यांनी ना मला ओळखलं, ना आपाला. त्यांच्या लेखी ती स्टँडामागची कुणी बाई होती. जरा लवकर करा हो मावशी, म्हणाले.

आपाने सायकल स्टँडला लावली. वायर काढली, नवी घातली, नट आवळला. दोनदा ब्रेक दाबून बघितला. मग पुढचाही तपासला, तो कुणी सांगितला नव्हता. ठरलेले पैसे घेतले. ते लोक घाटाकडे निघून गेले तशी ती मागे गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. परत आली तेव्हा मी घाटाकडेच बघत होते.

पुढे बारा किलोमीटरचा उतार होता. माझ्या मनात काय येऊन गेलं ते तिला दिसलं असावं.

"त्यो पडला असता तर लोक म्हनले असते, उस्मानच्या पोरीनं ब्रेक बांधला," ती म्हणाली. "आनि मला त्यो पडल्याला नगोय. उभा पायजे. चार लोकांत, जसा अब्बा उभा होता तसा."

ती वेळ पुढच्या उन्हाळ्यात आली. देशमान्यांनी मेढ्यातच शाखा काढायची ठरवली. स्टँडासमोरचा मोठा गाळा घेतला, काच बसवली. पठारावर पर्यटक वाढले होते, धंदा होणार होता. उद्घाटनाला मांडव, खुर्च्या, माईक. प्रमुख पाहुणे होते गावातलेच एक निवृत्त सुभेदार, सत्तरीचे, कडक माणूस. त्यांनी आपल्या नातीसाठी पहिली सायकल नोंदवली होती. ती सायकल हार घालून स्टेजवर उभी केली होती.

आदल्या दिवशी सायकली उतरवल्या जात असताना आपा चुंबक घेऊन तिथून फिरून आली होती. मग तिने आम्हाला, म्हणजे तिच्याशी अदलाबदल केलेल्या लोकांना, निरोप दिले होते. तोवर सांगाडे वाढले होते, आम्ही अकरा जण झालो. कुणी वर्गणी मागायला जावं तसे साधे, गप्प. प्रत्येकाच्या खांद्यावर आपापला सांगाडा, खिशात बिल. माझ्या खांद्यावर पिवळा. आपाच्या दोन हातांत निळ्याचे दोन तुकडे. भाषण चालू असताना आम्ही मधल्या वाटेने गेलो आणि सांगाडे स्टेजसमोर ओळीने ठेवले.

देशमाने हसून म्हणाले की जुन्या गिऱ्हाइकांची तक्रार असेल तर उद्या दुकानात या. आपाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती सुभेदारांसमोर गेली, चुंबक त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आबा, तुमच्या नातीच्या सायकलीला हँडलपाशी लावून बघा."

सुभेदार उठले. त्यांनी चुंबक नळीला लावला, चिकटला. जोडापाशी नेला. चुंबक फळीवर पडल्याचा आवाज माईकमधून सगळ्या स्टँडाला ऐकू गेला. त्यांनी वाकून उचलला आणि पुन्हा लावला. पुन्हा पडला. मग त्यांनी खिशातली किल्ली काढून तिथला रंग खरवडला. खालून राखाडी लांबी निघाली. ते देशमान्यांकडे वळले आणि लांबी लागलेली किल्ली त्यांच्यापुढे धरली.

देशमाने घाईघाईने म्हणाले, सगळ्यांचे पैसे परत देतो. वर नुकसानभरपाई देतो. आपा म्हणाली पैसे नकोत. एक वाक्य पाहिजे. तिने ते वाक्य सांगितलं आणि माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

ते आधी म्हणाले की पूर्वी काही गैरसमज झाला होता. आपा म्हणाली, "गैरसमज न्हाई. सांगितलंय तेवढंच म्हना." त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी चुंबक मुठीत धरला होता. खाली दोन-अडीचशे माणसं उभी होती, त्यातली निम्मी हातात मोबाइल धरून.

"रियाजची सायकल मी लांबी भरून विकली," देशमाने म्हणाले. "उस्मान मिस्त्रींनी तिला हात लावला नव्हता."

"पुन्यांदा," आपा म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. आवाज खाली गेला होता.

"पुन्यांदा."

तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला. स्टेजवर बसलेल्या त्यांच्या बायकोने पदराने तोंड झाकलं. खालून कुणीतरी म्हातारा म्हणाला, बास झालं गं पोरी. आपाने वळून त्याला शोधलं. तो अब्बांचं जुनं गिऱ्हाईक होता, त्या वेळी सायकल काढून दुसरीकडे नेणाऱ्यांतला.

"तुमी तवा बास म्हनला न्हाई," ती म्हणाली, आणि माईक पुन्हा देशमान्यांच्या तोंडापुढे धरला.

पाच वेळा. मी मोजलं. तिसऱ्यानंतर मला तिथे उभं राहवेना, आणि निघूनही जाववेना. पाचव्या वेळी त्यांनी एकही शब्द न गाळता म्हटलं तेव्हा माझ्याच घशातून हुंकार आल्यासारखं झालं. त्याची मला आजही थोडी लाज वाटते. थोडीच.

रियाजचा मला फोन आला. कुणीतरी त्याला व्हिडिओ पाठवला होता. म्हणाला, आवाज बंद करून बघितला, फक्त आपाचं तोंड बघायचं होतं. मी विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, आता तरी ती वेळेवर जेवेल. मग फोनमध्ये बराच वेळ काट्यावर पोती आदळल्याचे आवाज येत राहिले.

मेढ्याचा गाळा उघडलाच नाही. बिलं असलेले लोक ग्राहक तक्रार मंचाच्या दारात गेले, त्यांच्या मागून साताऱ्याचेही गेले. आपाच्या दुकानात मात्र रांग लागली. जुने लोक सायकली घेऊन परत यायला लागले. मला वाटलं आता तिचं चांगलं चालेल. ती प्रत्येकाचा चेहरा बघायची. नवा असेल तर काम घ्यायची. जुना असेल तर विचारायची, अब्बा असताना का नाही आलास? तो सायकल वळवून निघून जायचा आणि आपा हातातल्या कामाला लागायची. सांगाडे तिने भंगारात घातले, निळासुद्धा. मी विचारलं तर म्हणाली, जागा अडली होती.

पुढे माझी बदली शिराळ्याकडे झाली. सायकल मी घेऊन गेले. तिकडच्या वाटा मऊ आहेत, दगड कमी. वर्षभराने सेवापुस्तकाच्या कामासाठी साताऱ्याला गेले होते. परत येताना बस गर्दीत अडकली ती नेमकी देशमान्यांच्या शोरूमसमोर. शटर बंद. त्यावर भाड्याने देण्याची पाटी, तीही उन्हाने विटलेली.

समोरच्या फुटपाथवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथे आपा उभी होती. सुटे भाग घ्यायला आली असावी, खांद्याला दोन टायर अडकवले होते. शटरकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून, ती सावकाश रस पीत होती. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण मारली नाही. तिने ग्लास संपवला, तळाशी उरलेला बर्फ तोंडात टाकून चघळला, आणि शटरवरची नजर न काढता ग्लास रसवाल्यापुढे केला. तो भरेपर्यंत आमची बस सुटली.